मागं बघणारा

पार्कच्या मैदानावर जिंकण्याची दोरी हातभर अंतरावर असताना चन्नवीरनं पुन्हा मागं वळून पाहिलं आणि हातची शर्यत गेली. नवे पी. टी. शिक्षक होटकर सर पार वैतागले. पोराला त्यांनी कधी शिवी दिली नव्हती की बोट लावलं नव्हतं. दुष्काळाच्या सालात घरचा गूळ-शेंगदाणा खाऊ घातला, रोज पहाटे सोबत पळाले. आणि गडी ऐन वेळी मागं बघतो.

“सारखं मागं काय बघतोस रे?”

“पयले सर निंबाचा फोक घिऊन सायकलवरनं मागं यायचे, सर.”

“ते गेले की बदली होऊन. आता मागं कुणी नसतं.”

“व्हय सर,” चन्नवीर मान खाली घालून म्हणाला, “कुनी दिसलं न्हाय, की पायच उचलत न्हाईत.”