उघडी पर्स

गोळी काढायला म्हणून निवृत्त तिकीट तपासनिसांनी बायकोच्या पर्समध्ये हात घातला, आणि हाताला लागला विश्रामगृहाचा चमचा.

दांड्यावर शिक्का कोरलेला, सकाळी नाश्त्याला समोरच मांडलेला. बायको खिडकीशी गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

"सापडली का हो गोळी?"

"सापडली," ते म्हणाले. चमचा बाहीत सरकवून खाली गेले आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून जागेवर ठेवून आले.

हा मुक्काम म्हणजे रंगीत तालीम होती. निवृत्तीनंतर दोघांनी भूमध्य समुद्रातली बारा दिवसांची जहाजाची सहल ठरवली होती. खरं तर ते तिचं स्वप्न. रुग्णालयात पस्तीस वर्षं सिस्टर म्हणून उभ्याने नोकरी करताना तिने कपाटाच्या दाराला आतून त्या समुद्राचं चित्र चिकटवलं होतं. "आधी जवळपास फिरून या, झेपतं का बघा," असं मुलीने बजावलं, म्हणून आधी हे डोंगरावरचं विश्रामगृह आणि मग तपासनिसांच्या बहिणीकडे चार दिवस.

तिथे बहिणीची शिवणाची कात्री नाहीशी झाली. सगळं घर पालथं घातलं. कात्री होती बायकोच्या पर्समध्ये, रुमालाखाली. तपासनिसांचा उभा जन्म रेल्वेगाडीत तिकिटं तपासण्यात गेला. फुकट्या ते डब्याच्या दारातूनच ओळखत. आणि इथे दिव्याखालीच अंधार! कात्री त्यांनी गुपचूप शिवणयंत्रामागे टाकली आणि वर बहिणीलाच "तुला मेलं नीट शोधताच येत नाही" म्हणून सुनावलं.

बायकोला विचारायची हिंमत होईना. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं करून दमलेल्या हातांना आता काहीतरी घ्यावंसं वाटत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तिला बहुधा आठवतही नसावं. नाहीतर "पर्समधून जरा गोळी देता का?" असं ती दिवसातून चारदा कशाला म्हणाली असती? चोर कधी आपली थैली दुसऱ्याच्या हातात देतो?

जहाजाच्या सहलीला निघण्यापूर्वी ती त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली, गुडघे दाखवायला. डॉक्टर मात्र तपासनिसांशीच गप्पा मारत बसला. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं.

"गुडघे हिचे आणि परीक्षा माझी!" बाहेर आल्यावर ते म्हणाले. तीही हसली, पण जरा उशिरा.

सहल रद्द करावी असं त्यांना दहादा वाटलं. पण कपाटातलं ते चित्र आठवलं की ते तो विचार सोडून देत. जहाजावर बोभाटा झाला तर पुढच्या बंदरावर उतरवतील. नाही उतरवलं तरी लोक तिच्याकडे कोणत्या नजरेने बघतील, हे त्यांना पाठ होतं. तीच नजर त्यांनी आयुष्यभर लोकांवर टाकली होती. तिच्यावर ती पडू द्यायची नाही, एवढंच त्यांनी ठरवलं.

जहाजावरचे पहिले पाच दिवस निभावले. मिठाची कुपी, वाचनालयातलं भिंग, कुणाच्या तरी नातवाची खेळण्यातली मोटार. तपासनीस रोज सकाळी पर्स बघत आणि नाश्त्याआधी ज्याचं त्याला पोचतं करत. ती मात्र डेकवर खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसे. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांना इतकी खूश कधी दिसली नव्हती, आणि त्यासाठी असली हमाली करायला त्यांची मुळीच ना नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांच्या टेबलावर जेवायला बसणाऱ्या मुख्याध्यापिका रडकुंडीला आल्या. नवऱ्याची शेवटची आठवण म्हणून जपलेली मोत्याची पिन हरवली होती. चहानंतर सुरक्षा अधिकारी या मजल्यावरच्या सगळ्या केबिन तपासणार होता.

तपासनीस लगबगीने केबिनमध्ये आले. पर्स पलंगावर उघडीच होती. पिन मुठीत धरून ते भोजनगृहात गेले आणि मुख्याध्यापिकांच्या खुर्चीच्या गादीखाली ती सारणार, एवढ्यात मागून वेटर म्हणाला, "काही शोधताय का?"

"शोधत नाही. सापडलंय," ते म्हणाले. आवाज तिकीट मागतानाचा होता, म्हणून निभावलं.

मुख्याध्यापिका धावत आल्या. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, डोळे पुसले आणि तपासनिसांचे दोन्ही हात धरले. "अशी सचोटीची माणसं आता राहिली कुठे!" आसपासच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. तपासनिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते केबिनमध्ये परतले तेव्हा बायको पलंगावर बसली होती.

"तपासणी रद्द झाली," ते म्हणाले.

"बरं झालं."

"अगं, तुला मला काही सांगायचंय का?"

तिने वर पाहिलं. "नाही हो. तुम्हाला सांगायचंय काही?"

"मला काय सांगायचं असणार? एवढंच, की मी आहे. तुझ्या नावाला मी बट्टा लागू देणार नाही."

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. न बोलता का होईना, तिने कबुली दिली असं त्यांना वाटलं. आता पुढे काही विचारायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"तोंड धुऊन येतो, मग डेकवर जाऊ. बंदर जवळ आलंय म्हणे." कोट खुर्चीवर टाकून ते न्हाणीघरात गेले.

पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर ती उठली. तिने त्यांचा कोट उचलला, एकेक खिसा चाचपला, आतल्या खिशातून मुख्याध्यापिकांचा चष्मा बाहेर काढला आणि आपल्या पर्समध्ये, त्यांच्या हाताला पटकन लागेल असा, सगळ्यात वर ठेवला.