दिवेलागणीची थाळी

कृष्णाकाठच्या त्या गावाची जुनी रीत होती. पुराचा वेढा पडला की दिवेलागणीला घराघरांतून थाळी वाजवायची. ज्या घराची वाजली नाही, तिकडे गावातली एकुलती एक होडी जायची.

यंदाच्या पुरात तात्यासाहेब दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये, फौजी मुलाच्या क्वार्टरमध्ये सुखरूप होते. गावातल्या घराला कुलूप होतं.

फोनवर शेजारचा श्रीरंग म्हणाला, "तात्या, तुमच्या माडीवरनं बी थाळी वाजतीया."

"अरे, थाळी तर मी इकडं आणलीय."

खात्री करायला ते स्वयंपाकघरात गेले. खुंटीवरची पितळी थाळी बारीक थरथरत होती. त्यांनी तिच्यावर अलगद तळहात ठेवला. ती शांत झाली.

"तात्या," श्रीरंग म्हणाला, "थांबली बघा. होडी लावून देतो."