शालीवरची काच

सत्कार शरयूताईंनीच बांधलेल्या सभागृहात होता, मातीच्या विटांच्या कमानदार छताखाली. वक्ते त्यांच्या चुन्यावरच्या संशोधनाबद्दल, गवंड्यांना बरोबरीनं वागवण्याबद्दल भरभरून बोलत होते. ताईंची नजर मात्र पुन्हा पुन्हा छताकडे जात होती.

सकाळी छताला केसाएवढी भेग दिसली होती. लाडप्पा मिस्त्रींनी, तीस वर्षं त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गवंड्यानं, भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवली. "भेग जुनी असली तर काच टिकेल, बाई. तडकली तर छत हलतंय म्हणून समजा." तरीही सत्कार पुढे ढकला म्हणायला ताईंची जीभ रेटली नाही.

अध्यक्षांनी खांद्यावर शाल घातली, टाळ्या सुरू झाल्या, आणि शालीवर काचेचा तुकडा येऊन पडला. ताईंनी समोर पाहिलं. मिस्त्री उठून दारं उघडत होते.

ताई माइकवर म्हणाल्या, "घाई न करता सगळे बाहेर चला. हे मी सकाळीच सांगायला हवं होतं."

नव्या छताचे टेकू काढले, की त्याखाली पहिल्यांदा ताई आणि मिस्त्री दोघांनीच उभं राहायचं, हा त्यांचा शिरस्ता. आज शेवटी बाहेर पडलेही तेच. सन्मानचिन्ह मेजावर राहिलं. ते आणायला निघालेल्या संयोजकांचा हात ताईंनी दारातच घट्ट धरला.