धाकट्याचा शेक

माझ्या धाकट्याला एरवी आईच्या घरचा रस्ता सापडत नाही. मानेवर गाठ उठली तेव्हा मात्र बरोबर सापडला. डॉक्टरांनी घरच्या घरी गरम पाण्याचा शेक द्यायला सांगितलंय, आणि त्याच्या बायकोला म्हणे तिथे हात लावायची किळस येते. मग काय, आई आहेच.

आता रोज कामावरून सुटला की येतो, माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसतो आणि फोनवर बोट फिरवत राहतो. मी फडकं पाण्यात बुडवून, पिळून मानेवर धरते. तेवढ्यात त्याचे पिकायला लागलेले केस बघून घेते. मधेच एखादं वाक्य बोलतो, ते मी दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवते.

आज मात्र कुरकुरला, "आई, डॉक्टर म्हणाले होते, आठवड्याभरात उतरेल. इथे जराही फरक नाही. तुझं पाणी नीट तापतं तरी का?"



मी फडकं पिळून बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "चांगलं तापतं. तू यायच्या आधी मीच ते निववून ठेवते. उद्या सोसेल तेवढं गरम घेते. गाठ जाईल, मग तुला आई लागायची नाही."