चाकाखाली गेलेली बोटं

“जहाज बर्फावर चढतं? रेड्यासारखं?” व्यंकटरावांनी विचारलं आणि हसून माणिकरावांकडं पाहिलं.

“व्हय मालक,” नेमसिंग म्हणाला. “ते बर्फ कापत न्हाई. नाक वर करून त्याच्यावर चढतं, अन् मग आपल्या वजनानं फोडतं. न्हाई फुटलं तर मागं सरतं, पुन्ना चढतं. खाली आमी आठ आगवाले. घंटी वाजली की फावडं हाती.”

वसमतच्या त्या जिनात आज कापसाच्या पहिल्या गाड्या यायच्या होत्या. सरकी काढायची यंत्रं तेल घालून तयार होती. पण बायलरचा जुना आगवाला आठ दिवसांखाली हैदराबादला निघून गेला होता. म्हणून मालक माणिकरावांनी तांड्यावरच्या नेमसिंगला बोलावलं होतं. त्याची बायको पारुबाई जिनाच्या अंगणात कापसातला काडीकचरा वेचायची. तिनंच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. ती आता दाराशी उभी होती. कामाचं बोलणं दोन वाक्यांत व्हायचं. पण बाळापूरचे जमीनदार व्यंकटराव चहाला आले होते, आणि पाहुण्याची करमणूक म्हणून माणिकरावांनी नेमसिंगला बर्फाची गोष्ट सांगायला लावली होती.

“माल काय होता रे जहाजात?” व्यंकटरावांनी विचारलं.

“माल न्हाई. शिकलेले साहेब. लांब तारेला बाटल्या बांधून समुद्रात सोडायचे. कोसभर खोल. वर काढायचे, पाणी किती थंड ते वहीत लिहायचे. एक वही भरली की दुसरी.”

“म्हणजे समुद्राला ताप आला का, ते बघायला गेले होते!”

दोघं इतके हसले की व्यंकटरावांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

“हिंगोलीच्या पल्याड गेला नसंल हा,” माणिकराव डोळे पुसत म्हणाले, “अन् थापा बघा.”

नेमसिंगनं गप्प बसायला हवं होतं. तो खाली बसला आणि त्यानं डाव्या पायातला बूट काढला. दोन बोटं नव्हती. जागा गुळगुळीत, पांढुरकी.

“राख टाकायला वर गेलो होतो. बुटात पाणी शिरलं, तिथंच गोठलं. हे बघा. आता सांगा, थापा हायेत का?”

व्यंकटरावांचं हसू थांबलं. त्यांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

“माणिकराव, महारोग आहे हा.”

“न्हाई मालक, बर्फ...”

“गप!” व्यंकटरावांनी कोटाची टाचणी काढून त्याच्यासमोर फेकली. “टोच. तुझ्याच हातानं टोच. कळतं का बघू.”

नेमसिंगनं टाचणी उचलली आणि पांढऱ्या जागेवर टोचली. काहीच कळलं नाही. नुसता ओरडला असता तरी सुटला असता. तो ओरडला नाही.

“जिथं बर्फानं खाल्लं तिथं न्हाई कळत,” तो म्हणाला. “बाकी पाय चांगला हाये.”

“पारुबाई!” माणिकराव केव्हाच उठून भिंतीला टेकले होते. “घेऊन जा ह्याला. अन् उद्यापासून तू बी येऊ नको. माझ्या कापसाला हात लावू नको.”

पारुबाई आत आली. 

“गाडीखाली गेला पाय,” ती म्हणाली. “औंढ्याच्या उतारावर. भरली गाडी होती अन् मीच हाकत होते.”

“मग बर्फ काहून सांगतो?” माणिकरावांनी विचारलं.

“बायकोनं पाय चिरडला म्हणून कोणता गडी सांगंल, मालक?”

 व्यंकटराव पाय खाली सोडून, मांडीवर थाप मारून हसू लागले. माणिकराव भिंतीपासून सुटले.

“खरं का रे?”

नेमसिंगनं पारुबाईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. बाजारात बैलाचे दात बघावेत तशी ती त्या दोघांच्या उघड्या तोंडांकडं बघत होती.

ती बोटं कापताना जहाजावरच्या डॉक्टरनं त्याला आधी नाव विचारलं होतं. नीट ऐकून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं, आणि मगच चाकू उचलला होता.

“व्हय मालक,” नेमसिंग म्हणाला. “गाडीच.”

“मग असं सांग की लेका! चल, लाग कामाला. गाड्या येतीलच आता.”

तो बूट चढवून बायलरच्या खोलीत गेला. कोणीतरी सकाळीच आग पेटवून ठेवली होती. त्यानं भट्टीचं लोखंडी दार उघडलं. सगळा कोळसा तोंडाशीच ढीग करून टाकलेला, मध्ये काळं, कडेला धूर.

पारुबाई मागं येऊन उभी राहिली. “राग आला?”

तो आगीकडं बघत राहिला. मग भट्टीत थुंकला, फावडं उचललं आणि कोळसा आतपर्यंत सारखा पसरू लागला. चार फेकींत आगीचा रंग बदलला. घुं घुं आवाज सुरू झाला.

दारात माणिकराव पाहुण्याला घेऊन आले होते.

“जमंल का रे?” त्यांनी ओरडून विचारलं. “का तिकडं बर्फातच बरं होतं?”

पुन्हा दोघं हसले. नेमसिंगनं मागं वळून पाहिलं नाही.

“जमंल, मालक,” तो म्हणाला. “कापूसच तर हाये.”