बटण घट्टच होतं

"हलू नकोस, भोंग्या," मावशी म्हणाली. तोंडात सहा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे ते "हवू नकोश" असं ऐकू आलं. भाची खुदकन हसली, आणि हसल्यामुळे हललीच.

ती स्टुलावर उभी होती. अंगात चर्चच्या गायनसंघाचा पांढरा झगा, टाचांखाली वीतभर लोंबणारा. येत्या रविवारी पहिल्यांदाच तिला एक अख्खं कडवं एकटीनं गायचं होतं. मावशी फरशीवर बसून झग्याची कड दुमडत, गुडघ्यांवर सरकत तिच्याभोवती फिरत होती. शिवणयंत्राशेजारी दुरुस्तीच्या कपड्यांचा हा ढीग! एवढा ढीग भाचीनं या दुकानात कधी पाहिला नव्हता.

"मावशी, धंदा जोरात दिसतोय!"

"हं."

मावशी तिची सगळ्यात लाडकी, आणि त्याला कारण होतं. मंडळीत कुणालाही "कसे आहात?" विचारा. अंगात ताप फणफणलेला असला तरी उत्तर ठरलेलं: "प्रभूच्या कृपेनं अगदी बरा आहे." खरं सांगायची ती एकटी मावशी. "कंबर गेली, डोळे चालले, गिऱ्हाइकं तेवढी जाता जात नाहीत." आणि महिन्यापूर्वी याच स्टुलापाशी, सुईत दोरा ओवता ओवता तिनं आणखी एक खरं सांगितलं होतं. "हल्ली प्रार्थनेला बसले ना, की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं. पलीकडे कुणी नाहीच."

बाही मापायला मावशी उठली. बाही मागे सारली, तर भाचीच्या मनगटावर निळ्या शाईनं आकडे लिहिलेले.

"हे काय? परीक्षेत कॉपी?"

"बायबलमधल्या वचनांचे आकडे आहेत. तुझ्यासाठी शोधलीत, तीन." भाचीनं छाती भरून श्वास घेतला. आज बोलायचंच, असं ठरवूनच ती आली होती. "मावशी, दोन रविवार तू उपासनेला आली नाहीस. आमच्या तरुण संघानं ठरवलंय, विश्वासात थंड पडलेल्या एकेकाला परत आणायचं. मी तुला निवडलं!"

मावशीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि हातातल्या छोट्या उशीत खोचल्या. एक, दोन, तीन. सहाही.

"दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या," ती म्हणाली. "कोटाचं बटण सैल झालंय म्हणाल्या. बटण घट्टच होतं. जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, 'भिंत कोसळेल हो.' मंगळवारी पाळकसाहेबांची बहीण. पर्सची चेन अडकते म्हणे. चेन लोण्यासारखी सरकत होती. भिंतीची चौकशी तिनंही केली. पंधरा दिवसांत अकरा जणी आल्या, आणि एकीच्याही कपड्याला काही झालेलं नाही. एकीची तर मीच शिवण उसवली नि परत घातली. काहीतरी काम करून द्यायला नको?"

एरवी यावर भाची स्टुलावरून पडेपर्यंत हसली असती.

"मी फक्त तुझ्यासाठी प्रार्थनेची विनंती केली होती," ती म्हणाली. एवढा मोठा आवाज तिचा, कुठे गेला कोण जाणे. "शनिवारच्या बैठकीत. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, मावशी."

"कान उघडे होते ना."

"तुझं चांगलं व्हावं म्हणून गं. मी रडलेसुद्धा."

"ठाऊक आहे. तेही सांगितलं त्यांनी."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मावशीनं झग्याचा खांदा नीट केला, नसलेली सुरकुती तळहातानं काढली.

"मी येत होते गं," ती म्हणाली. "भिंत तर भिंत. दर रविवारी येऊन तिच्याशी बोलत होते. शेवटच्या बाकावर बसायचे, कुणाला काही कळत नव्हतं. आता आत पाऊल टाकलं की सगळ्या माझ्या तोंडाकडे बघणार, पडली का भिंत म्हणून."

भाचीला खाली उडी मारून तिच्या गळ्यात पडायचं होतं. तिनं पाय उचलला, आणि कडेची टाचणी घोट्यात रुतली.

"हलू नकोस म्हटलं ना. टोचेल."

भाचीनं अंगठा ओला करून मनगटावरचे आकडे घासले. आकडे गेले नाहीत, निळा डाग तेवढा पसरला. मग तो झग्याला लागू नये म्हणून तिनं हात अंगापासून लांब धरला.

"मावशी," ती म्हणाली, "तू कशी आहेस? खरं सांग ना. मी कुणाला म्हणजे कुणाला नाही सांगणार."

मावशी पुन्हा खाली बसली. उशीतली एक टाचणी काढून तिनं कडेला लावली. मग मान वर केली. उपासना संपल्यावर चर्चच्या दारात सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतं, तसं हसू तिच्या चेहऱ्यावर होतं.

"मी ना?" ती म्हणाली. "प्रभूच्या कृपेनं अगदी बरी आहे."