नावाड्याची हाक

"हाक हे एकटेपणाचे प्रतीक आहे," लेकीनं लिहिलं आणि खोडलं. गोष्ट जुनी, गाजलेली. म्हातारा नावाडी रोज संध्याकाळी नदीपलीकडे तोंड करून हाक मारतो. पलीकडे कुणीच राहत नाही. त्यातलं प्रतीक आणि आशय चार गुणांत बसवायचा होता. आदर्श उत्तर उद्या वर्गातल्या मुलांना उतरवून द्यायचं होतं.

"अगं ए!" आतल्या खोलीतून आईची हाक आली.

लेक लिहीतच राहिली. पुन्हा हाक. पेन आपटून ती आत गेली. "काय आहे?"

"काही नाही. आहेस का, बघितलं." आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. जन्मभर तिनंही शाळेत हीच गोष्ट शिकवली होती. "काय लिहिलंस नावाड्याबद्दल?"

"एकटेपणाचं प्रतीक."

"झालं! जित्या माणसाचं प्रतीक करून टाकलं. अगं, त्याला ओ हवीय, ओ."

"त्याला गुण कोण देणार? आणि सारख्या हाका नको मारूस, आई. एक ओळ धड होत नाहीये."

"बरं बाई. तोंडाला कुलूप."

म्हणाली खरी, पण दिवेलागणीला हाक आलीच. लेकीनं मान वर केली नाही. खोडलेलं वाक्यच पुन्हा लिहिलं. जेवताना दोघी आमटीतल्या मिठावरून थोडं भांडल्या आणि झोपल्या.

पहाटे आई झोपेतच गेली.

परीक्षा झाली. पेपरांचा गठ्ठा घेऊन लेक त्याच टेबलाशी बसली. हाक हे एकटेपणाचे प्रतीक आहे. दुसऱ्या पेपरातही तेच. तिसऱ्यातही, स्वल्पविरामासकट. पोपट सगळे! आणि पढवलं कुणी? चारपैकी चार देता देता लाल पेन कागदात रुतायला लागलं.

एका पोरीनं मात्र वेगळी सुरुवात केली होती: 'नावाडी हाक मारतो, कारण'. पुढे कोरं. वेळ संपली असावी.

"कारण काय? लिही ना पुढे!" ती कागदावरच खेकसली. "किती द्यायचे गं हिला?"

विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, तोंड आतल्या खोलीकडे वळलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी आईनं घातलेल्या घड्या तशाच होत्या. बाहेर दिवे लागत होते.

तिनं पेन खाली ठेवलं.

"ओ," ती मोठ्यानं म्हणाली. "ओ, आई. आहे मी."